लाईन गेल्यावर इन्व्हर्टर किती तास चालेल? असा लावा हिशोब

मौदा : तालुक्यात एनटीपीसीचा २,३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे, तरी वादळात लाईन गेली की घरात आधार इन्व्हर्टरचाच.

१२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास वीज मावते. पण ॲसिडची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की लवकर बसते. म्हणजे कामाची वीज ९०० वॅट-तासच. ७५ वॅटचे दोन पंखे आणि ९ वॅटचे तीन बल्ब मिळून १७७ वॅट. इन्व्हर्टरची घट धरून चारेक तास चालतात. त्यावर फ्रिज, मिक्सर, मोटार लावू नका.

पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. चार्जिंगवेळी पेट घेणारा वायू निघतो. खोली हवेशीर ठेवा, जवळ बिडी पेटवू नका. पाणी डिस्टिल्डच टाका.