डबा घरात, प्रत घराबाहेर

मुंबईजवळच्या शांती नगरच्या एखाद्या वन बीएचकेत मोजायला बसलं तर चार फोन, दोन लॅपटॉप आणि कपाटाच्या खणात दोन-तीन पोर्टेबल हार्ड डिस्क सहज निघतील. लग्नाचा व्हिडिओ एकीत, मुलांचे दाखले दुसरीत, आणि सोसायटीच्या कागदपत्रांचं स्कॅन नेमकं कुठे ठेवलंय हे माजी सेक्रेटरींनाच ठाऊक. अशा घराला नॅस सोयीचा आहे, यात वाद नाही. नॅस म्हणजे राउटरला जोडलेला, स्वतःच्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा डिस्कचा डबा. घरातल्या कुठल्याही फोनवरून, लॅपटॉपवरून, टीव्हीवरून त्यातल्या फायली उघडता येतात. घोळ आहे तो त्याच्याकडून ठेवलेल्या अपेक्षेत. ‘दोन डिस्कचा डबा घेतला, आता बॅकअपची चिंता मिटली’ हे वाक्य दुकानात, सोसायटीच्या ग्रुपवर, जाणकार समजल्या जाणाऱ्यांच्या तोंडीही ऐकू येतं. ते चूक आहे. या एका चुकीमुळे पैसे नको तिथे जास्त खर्च होतात आणि हवे तिथे अजिबात होत नाहीत.

दोन डिस्कच्या डब्यात बहुतेक लोक मिररिंग लावतात. एका डिस्कवर जे लिहिलं जाईल, तेच त्याच क्षणी दुसरीवरही. हा ‘रेड’चा एक प्रकार. रेडची कल्पना बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एका निबंधात मांडली. त्यांच्यापुढचा प्रश्न होता तो असा, की महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त छोट्या डिस्कचा गट वापरला, तर त्यातली एखादी बंद पडल्यावरही काम कसं चालू राहील. म्हणजे रेडचं मूळ काम आहे खोळंबा टाळणं. तुम्ही चुकून एखादं फोल्डर उडवलंत, तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी उडतं. फाइल बिघडली तर बिघडलेली फाइल दोन्हीकडे इमानेइतबारे उतरते. आरशापुढे कुंकू पुसलं की आरशातलंही पुसलं जातं, तसंच हे. बरं, डिस्क बंद पडणं हा धोका तरी केवढा? बॅकब्लेझ ही साठवणुकीची कंपनी आपल्या लाखो डिस्कची आकडेवारी नियमित जाहीर करते. त्यात अलीकडच्या वर्षांत वर्षाला शंभरातल्या साधारण दीड डिस्क निकामी झाल्याचं दिसतं. घरातल्या उष्म्यात, धुळीत हे प्रमाण वाढेल असं धरू. तरी हातून फाइल उडणं, व्हायरस लागणं, डबा चोरीला जाणं किंवा पाण्यात जाणं, यांपैकी एकावरही मिररिंगचा इलाज नाही. हल्ली बऱ्याच डब्यांत ‘स्नॅपशॉट’ची सोय असते. ती ठरावीक वेळची स्थिती जपून ठेवते आणि उडवलेली फाइल परत देऊ शकते. ती जरूर चालू ठेवावी. मात्र स्नॅपशॉटही त्याच डब्यात राहतात. डबा गेला की तेही गेले.

याचा धडा घ्यायला फार लांब जायला नको. २७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया ठप्प झालं. ते मर्स्क समूहाचं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेल्या ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने मर्स्कची जगभरची यंत्रणा झोपवली होती. कंटेनर उतरवायच्या क्रेन शाबूत होत्या, पण कुठला कंटेनर कुणाचा हे सांगणारे संगणक बंद. कंपनीने पुढे दहा दिवसांत सुमारे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे केल्याचं तिच्या अध्यक्षांनी दाव्होसला सांगितलं. आपल्या विषयाशी थेट संबंध आहे तो मात्र दुसऱ्या तपशिलाचा. कुठला वापरकर्ता कोण आणि त्याला काय परवानगी, याची नोंद ठेवणारे मर्स्कचे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत होते. एक गेला तर दुसरा आहेच, असा भरवसा. हल्ल्यात ते एका फटक्यात पुसले गेले, कारण सगळे एकमेकांना जोडलेले होते. वाचला तो घानामधला एकच, आणि तोही हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे तो जाळ्याबाहेर होता म्हणून. दीडशे जोडलेल्या प्रतींपेक्षा न जोडलेली एक प्रत कामाला आली. दोन डिस्कच्या डब्याबद्दल याहून नेमकं काही सांगता येणार नाही.

यावर म्हटलं जातं, ‘मर्स्क कुठे आणि आम्ही कुठे! आमच्या फोटोंच्या मागे कोण लागतंय?’ कुणी मागे लागत नाही, हे खरंच. हल्लेखोर घराचा पत्ता बघत नाहीत. त्यांचे प्रोग्राम इंटरनेटवर उघडी दारं चाचपत फिरतात आणि जे उघडं सापडेल त्यात शिरतात. २०२१च्या एप्रिलमध्ये ‘क्यूलॉकर’ने आणि २०२२च्या जानेवारीपासून ‘डेडबोल्ट’ने क्यूनॅप कंपनीच्या डब्यांतल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यांतले कित्येक डबे घरांतले आणि छोट्या दुकानांतलेच होते. २०२१च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या डब्यांना इंटरनेटवरून ‘सगळं पुसून नव्यासारखा हो’ असा हुकूम गेला आणि अनेकांचे सगळे फोटो रातोरात नाहीसे झाले. त्या डब्याच्या सॉफ्टवेअरला २०१५नंतर अपडेटच मिळालेला नव्हता. म्हणून डबा निवडताना टीबीच्या आधी एक गोष्ट विचारावी, ही कंपनी आपल्या जुन्या मॉडेलना किती वर्षं सुरक्षा-अपडेट देते? आणि ‘ऑफिसातूनही घरच्या फायली दिसल्या पाहिजेत’ या हौसेसाठी राउटरवर पोर्ट उघडून देणारा माणूस कितीही हुशार असला, तरी त्याला नको म्हणावं. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएनमधून बघावं.

आता जागेचा मुद्दा. इथे शांती नगरचा भूगोल आड येतो. खाडी आणि मिठागरांच्या शेजारची ही सखल जमीन, दमट आणि खारी हवा, चार मजली जुन्या इमारती, जिन्याखाली सगळ्या घरांचे मीटर एकत्र. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईच्या पश्चिम उपनगरांत तळमजल्यांची काय गत झाली हे इथल्या कुणाला सांगायला नको. ‘आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत’ हे उत्तर पाण्यापुरतं ठीक आहे. मीटर पॅनेलची आग, चोरी, गळणारी गच्ची किंवा पुनर्विकासासाठी घर रिकामं करतानाची धावपळ मजला विचारत नाही. फोन, लॅपटॉप आणि नॅस तिन्ही एकाच फ्लॅटमध्ये असतील, तर प्रती तीन असूनही ठिकाण एकच. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१चा नियम याचसाठी आहे. प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी.

‘मग क्लाउड आहेच की’, हा आक्षेप वजनदार आहे आणि अर्धा बरोबरही आहे. दाखले, विम्याची आणि घराची कागदपत्रं काही जीबीत मावतात. त्यांची बाहेरची प्रत क्लाउडवर ठेवणं उत्तम. फोटो-व्हिडिओंचं गणित मात्र वेगळं. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ला संपली आणि फुकट खात्यात सगळं मिळून १५ जीबीच उरले. त्यापुढे दर महिन्याचं भाडं, तेही कायमचं. शिवाय फोनवर जे ‘सिंक’ चालतं ते बॅकअपपेक्षा आरशाच्या जवळचं. फोनवर फोटो उडवला की अनेकदा क्लाउडवरूनही उडतो, आणि कचरापेटीची मुदत संपली की विषय संपला. भाडं परवडत असेल तर क्लाउड घ्यावा, पण तिथे सिंक चाललंय की बॅकअप, हे आधी तपासावं.

बाकीचे गैरसमज तुलनेने किरकोळ, पण खिशाला लागणारे. मोठ्यात मोठी डिस्क घ्यायची गरज बहुतेक घरांना नसते. चार एमबीचा एक फोटो धरला तर लाखभर फोटो ४०० जीबीत बसतात. जागा खातो तो फोर-के व्हिडिओ. ४ टीबीची डिस्क संगणकावर ३.६३ दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नये. तो फक्त मोजण्याच्या दोन पद्धतींतला फरक आहे. ‘आमचं इंटरनेट ३०० एमबीपीएस, म्हणजे नॅस वेगात चालणार’ हेही तसंच. घरातल्या घरात फाइल जाते ती राउटर आणि वायरीच्या वेगाने, इंटरनेटच्या नाही. ब्रॉडबँडवाल्याने बसवलेल्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर एक टीबी भरायला साधारण चोवीस तास लागतात. पोर्ट गिगाबिटचे असले तर तेच काम दोन-तीन तासांत होतं. म्हणजे महाग नॅस घेण्याआधी राउटर बघायला हवा. डिस्क घेताना ती ‘सीएमआर’ आहे का हे विचारावं. ‘एसएमआर’ डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात आणि मिररिंग पुन्हा उभं करताना ती फार रेंगाळते. २०२० साली नॅससाठी म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्कही एसएमआर निघाल्या होत्या, तेव्हा खोक्यावरच्या नावावर जाऊ नये. वीजबिलाची धास्ती मात्र अनाठायी आहे. वीस वॉटचा डबा अखंड चालला तर महिन्याला साधारण साडेचौदा युनिट होतात. विजेची चिंता करायचीच तर ती अचानक जाण्याची. घरच्या इन्व्हर्टरवर डबा चालत राहतो, पण बॅटरी संपत आल्याचं त्याला कुणी सांगत नाही आणि तो लिहिता लिहिता बंद पडतो. यूएसबी वायरीने नॅसला निरोप देणारा छोटा यूपीएस त्याला वेळेत, नीट बंद करतो. माळ्यावर कोंदट जागी डबा ठेवू नये, एवढं सांगायलाच हवं.

तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाण्यापूर्वी यादी अशी करावी. अपडेट देणाऱ्या कंपनीचा दोन कप्प्यांचा साधा डबा, दोन सीएमआर डिस्क, छोटा यूपीएस आणि दोन पोर्टेबल हार्ड डिस्क. पोर्टेबलपैकी एकीवर पासवर्डच्या कुलपासह नॅसची प्रत घ्यायची, वायर काढायची आणि ती गावी किंवा दुसऱ्या उपनगरातल्या नातेवाइकाकडे ठेवायची. गणपतीला जाताना घरातली दुसरी ताजी करून न्यायची, तिथली परत आणायची. पुन्हा मे महिन्याच्या सुट्टीत तेच. आणलेल्या डिस्कमधून दहा-वीस फायली उघडून बघायच्या, कारण न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे. पैसे कमी पडले तर डब्यातली दुसरी डिस्क गाळावी. गावी जाणारी गाळू नये.