माळावरची फुलं, घटाची माळ

आमच्या सांगोल्याकडं पाऊस म्हणजे पाहुणाच! कोकण न्हाऊन निघतं तेव्हा आमचा माळ बऱ्याचदा उघडाबोडकाच असतो. आमची सगळी भिस्त भाद्रपदातल्या, परतीच्या पावसावर. तो एकदा बरसला की मग बघावं. तरवडाची झुडपं पिवळीधमक होतात, बांधावर कारळं डुलायला लागतं. तरवडाला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तर तो उघड्या माळावर टिकतो. पूर्वी त्याची साल कातडं कमवायला वापरायचे. सोलापुरातल्या तेलुगू मैत्रिणी याच फुलांनी बतुकम्मा सजवतात. तेलंगणाचं तर ते राज्यफूल आहे. आपण मात्र त्याला रानटी म्हणून कुंपणाबाहेर ठेवतो. (मी एकदा मोठं झुडूप उपटून परसात लावलं होतं, चार दिवसांत वाळलं. बी टाकावं, तेच बरं.)

परसातली फुलं आमच्या अक्कांची, म्हणजे थोरल्या जाऊबाईंची. शेवंती, झेंडू, गुलबक्षी. गल्लीतल्या निम्म्या वेण्या त्यांच्या शेवंतीच्या असतात. भाऊजी गेल्यापासून त्यांच्या स्वतःच्या केसांत मात्र फूल नाही. नवरात्रात रोजची माळ त्याच ओवतात आणि घटावर बांधायची वेळ आली की मला हाक मारतात. मीही मुकाट्यानं बांधते.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. बचत गटाच्या बैठकीत मी त्यावर तावातावानं बोलले होते. घरात? एक अक्षर नाही!

गेल्या नवरात्रात आम्ही सात-आठजणी पहाटे माळावर फुलं तोडायला गेलो. दवानं पदर भिजले होते. अक्का पाटी धरून होत्या. मी तरवडाचा एक घोस त्यांच्या अंबाड्यात खोवला. त्यांनी तो हळूच काढून पाटीत ठेवला. ''राहू दे गं. बायका बघतायत.'' बघत कुणीच नव्हतं, ज्या त्या फुलं तोडण्यात गुंग. पण मी पुढं काही बोलले नाही, ते अजून सलतं.

यंदा घट बसायला आठवडा राहिलाय. माळ पिवळा व्हायला लागलाय. काल भाजी निवडता निवडता सांगून टाकलं, ''अक्का, यंदा माळ तुम्हीच बांधायची.'' त्या नाही म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारलं, ''तरवड आणायला किती वाजता निघायचं?''