सवलतींची पंगत आणि निवडीचा हक्क

पंगतीत प्रत्येकाच्या पानावर तेच पदार्थ त्याच क्रमाने वाढले जातात. मधुमेह असलेल्याच्या पानावरही जिलेबी पडते. सरकारी व निमसरकारी नोकरदारांना पगाराव्यतिरिक्त मिळणाऱ्या सवलतींची रचना आपल्याकडे बरीचशी अशीच आहे. नियमांच्या लेखी कर्मचारी म्हणजे एक सरासरी माणूस. त्याला वय नाही, आजारी आईवडील नाहीत, गावही नाही.

प्रत्यक्षात हदगावसारख्या तालुक्याच्या गावी किती परींची माणसे नोकरी करतात! नुकताच कामावर रुजू झालेला अविवाहित लिपिक, दोन लहान मुलांची आई असलेली शिक्षिका, पतीच्या निधनानंतर अनुकंपा तत्त्वावर लागलेली शिपाई, निवृत्तीच्या उंबरठ्यावरील मुख्याध्यापक. पहिल्याला घराच्या कर्जाची चिंता, दुसरीला रजेची, तिसरीला मुलांच्या शिक्षणाची, तर चौथ्याला दवाखान्याच्या खर्चाची. घरभाडे भत्त्याला जोडलेली मुख्यालयी राहण्याची अटच पाहा. वडिलांच्या उपचारांसाठी ज्याला नांदेडला बिऱ्हाड ठेवणे भाग आहे आणि ज्याचे घर शाळेशेजारीच आहे, त्या दोघांना ती सारखीच लागू होते. वैद्यकीय खर्चाचेही तेच. आधी पदरचे पैसे भरावयाचे, मग देयक सादर करून प्रतिपूर्तीची वाट पाहावयाची. ज्याच्यापाशी भरावयास पैसेच नाहीत, त्याची सवलत कागदावरच राहते.

यावर एक उपाय आपल्या देशात अजमावला गेला आहे. केंद्र सरकारने २००८ मध्ये सार्वजनिक उपक्रमांतील अधिकाऱ्यांच्या वेतनसुधारणेत ‘कॅफेटेरिया’ पद्धत मान्य केली. भत्ते व सवलतींची कमाल मर्यादा मूळ वेतनाच्या ५० टक्के ठरवावयाची आणि उपक्रमाने तयार केलेल्या यादीतून आपणांस हवे ते अधिकाऱ्याने निवडावयाचे, असे तिचे स्वरूप. २०१७ च्या सुधारणेत ही मर्यादा ३५ टक्क्यांवर आली. निवडीचे तत्त्व मात्र कायम राहिले. त्यामागील विचार सरळ आहे. मालकाने खर्च केलेला रुपया तोच; पण ज्याला जे हवे ते मिळाले तर त्या रुपयाचे समाधान वाढते. खजिन्यावर बोजा न वाढविता कर्मचाऱ्याचे हित साधणारी ही रीत शाळांना व कार्यालयांना का लावू नये, असा प्रश्न कोणीही विचारील.

येथे अर्थशास्त्राच्या शिक्षकाला दुसरी बाजू मांडणे भाग आहे. सर्वच सवलती एका जातीच्या नसतात. प्रवासाची सवलत, सणाची उचल, मुलांच्या शिक्षणाचे साहाय्य ही सोय झाली. आजारपण, प्रसूती, अकाली मृत्यू, वार्धक्य ही संकटे आहेत. आणि संकटांची तरतूद समूहाच्या बळावरच उभी राहते. आरोग्य विमा ऐच्छिक केला तर धडधाकट तरुण लिपिक त्यातून बाहेर पडेल व हप्त्याचे पैसे रोख मागेल. मागे उरतील ते वयस्क आणि आजारी. त्यांचा खर्च भागविण्यासाठी हप्ता वाढेल. मग आणखी काही जण बाहेर पडतील. अखेरीस ज्याला विम्याची सर्वाधिक गरज, त्यालाच तो परवडेनासा होईल. आणि आज बाहेर पडलेला तरुण उद्या चाळिशी ओलांडणारच असतो.

निवृत्तिवेतनाच्या प्रश्नात हा पेच आज आपल्या दाराशी आला आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन बंद झाले. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये शिक्षक-कर्मचाऱ्यांनी सात दिवसांचा संप केला. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत योजना जाहीर केली आणि महाराष्ट्रानेही लागलीच ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. कर्मचाऱ्यापुढे पर्याय उभा राहिला. परंतु त्याच्या हाती तराजू कोणी दिला?

केंद्राच्या एकीकृत योजनेत २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या १२ महिन्यांतील सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतनाची हमी आहे. ज्याची सेवा २० वर्षेच भरते, त्याच्या वाट्याला त्याच प्रमाणात, म्हणजे ४० टक्के येतात. निवृत्तिवेतनधारकाच्या मृत्यूनंतर जोडीदारास त्याच्या ६० टक्के रक्कम मिळते. राष्ट्रीय योजनेत अशी हमी नाही, बाजाराची चढउतार सोसावी लागते. पण साठलेली पुंजी आपल्या नावावर असते. म्हणजे उशिरा नोकरी लागलेल्याचे गणित वेगळे, जोडीदार हयात नसलेल्याचे वेगळे. आपल्या मराठवाड्यात विनाअनुदानित शाळांतून उमेदीची वर्षे घालविलेले शिक्षक थोडे नाहीत. त्यांची कोणती वर्षे सेवेत धरावयाची, येथूनच वाद सुरू होतो. प्रस्तुत लेखक वर्गात चक्रवाढ व्याज शिकवितो. तरीही एका सहकाऱ्याचा हिशोब मांडताना त्याच्या दोन संध्याकाळी खर्ची पडल्या, आणि उत्तर छातीठोकपणे सांगता आले नाही. मग इतरांनी काय करावे? स्टाफरूममध्ये बहुसंख्य जे करतात तेच आपणही करावे, असे ठरते. याला निवड म्हणत नाहीत.

शिवाय या पंगतीत ज्यांना पाटच मिळालेला नाही त्यांचे काय? तासिका तत्त्वावर शिकविणारा प्राध्यापक त्याच महाविद्यालयात, त्याच फळ्यावर, तोच अभ्यासक्रम शिकवितो. घेतलेल्या तासांचे पैसे मिळाले की संपले. निवृत्तिवेतन कोणते घ्यावे, हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही.

तेव्हा क्रम असा असावा. आजारपण, प्रसूती व वार्धक्य यांची तरतूद सर्वांना सक्तीची व सारखी असावी. तीत कंत्राटी व तासिकेवरचे कर्मचारीही यावेत. त्या पायावर सोयींची निवड ज्याची त्याला खुशाल द्यावी. मूल झाले, घर बांधले, आईवडील अंथरुणाला खिळले की ती बदलण्याची मुभाही असावी. आणि जेथे आयुष्यभराचा पर्याय मागावयाचा, तेथे सही घेण्यापूर्वी प्रत्येकाच्या हाती त्याच्या स्वतःच्या सेवापुस्तकावरून काढलेला दोन्ही बाजूंचा हिशोब मराठीत द्यावा. एका पानाचा कागद पुरेल. शासनाला तो अवघड नाही. आणि तो नसेल, तर चुकलेल्या निवडीचा दोष कर्मचाऱ्याच्या माथी मारण्याचा अधिकार शासनाला उरत नाही.