खारं पाणी, आपली गोष्ट

शाळेच्या संमेलनात एक पोरगा शिवाजी महाराज होतो, बाकीचे मावळे होतात. मुलींच्या हाती मात्र आरतीचं ताट येतं. आपल्या हिवरखेडात काय अन् दुसऱ्या गावात काय, चित्र हेच.

जुना काळ उभा करायची दुसरीही रीत आहे. तिला जिवंत इतिहास म्हणतात. संवाद पाठ करण्यापेक्षा त्या काळचं काम हातानं करून दाखवायचं. त्या कामातूनच गोष्ट उभी राहते.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. 1930 साली गांधीजी साबरमतीहून दांडीला चालत गेले आणि 6 एप्रिलला त्यांनी मीठ उचलून कायदा मोडला. 2005 साली या यात्रेला 75 वर्षं झाली, तेव्हा लोक तीच वाट पुन्हा चालले. पण आपल्या वऱ्हाडात समुद्र कुठला? तरी त्याच एप्रिलमध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहीहांडा इथं मिठाचा सत्याग्रह झाला. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं हे गाव. विहिरीचं खारं पाणी आटवून तिथं मीठ केलं. ज्या पाण्याला आपण रोज नावं ठेवतो, तेच पाणी सरकारविरुद्ध कामी आलं.

हा प्रसंग गावात करायचा झाला, तर काय लागेल? चूल, कढई, पऱ्हाट्यांचा जाळ आणि खाऱ्या विहिरीचं पाणी. पाणी आटायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात एकीनं गोष्ट सांगायची. शेवटी कढईच्या बुडाला पांढरा थर दिसला, की पोरांना वेगळं समजवावं लागत नाही. तो थर चाखू नका, खाऊ नका. त्यात नुसतं मीठ नसतं.

आता गोष्ट कोणाची सांगायची? साबरमतीहून गांधीजींसोबत निघालेल्या 78 जणांच्या तुकडीत एकही बाई नव्हती. पुढं मात्र देशभर बाया हजारोंनी सत्याग्रहात उतरल्या, तुरुंगात गेल्या. पुस्तकात पुढाऱ्यांची नावं सापडतात. पाणी कोणी शेंदलं, सरपण कोणी आणलं, घरचा माणूस पकडला गेल्यावर लेकरं कोणी सांभाळली, हे आपणच विचारायला पाहिजे.

अशी एक बाई आपण मनानं उभी करू शकतो. पण एक पथ्य पाळा. सुरुवातीलाच सांगा : सत्याग्रह खरा, साल खरं, ही बाई आमच्या कल्पनेतली. नाही तर उद्या पोरं तिलाच इतिहास समजतील.

तयारीआधी गावातल्या म्हाताऱ्या आजींकडं बसा. त्यांनी माय-सासूकडून ऐकलेलं लिहून घ्या. आजी गेल्यावर ते कोणाला विचारणार? पुढच्या संमेलनात पोरींच्या हाती नुसतं ताट देऊ नका. एकीच्या हाती दोर-बादली द्या, दुसरीला चुलीपाशी बसवा आणि तिसरीला गोष्ट सांगू द्या.