अंटार्क्टिकातला तेलखाऊ

हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीतच थिजतं. समुद्रात सांडलेलं खनिज तेलही थंडीत असंच दाट होतं, त्यातले हलके घटक सावकाश उडतात आणि बहुतेक जीवाणूंचा कारभारही मंदावतो. मग अंटार्क्टिकाच्या पाण्यात तेल सांडलं, तर ते खाणार कोण?

रॉस समुद्राच्या काठच्या पाण्यात असा एक खवय्या सापडला. ओलेइस्पिरा अंटार्क्टिका हे या जीवाणूचं नाव. २००३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. तो सर्वांत जोमानं वाढतो २ ते ४ अंश सेल्सिअसला! आपण जिला गारठा म्हणतो, ती त्याच्या घरची ऊब. त्याचं आवडतं अन्न म्हणजे अल्केन, तेलातल्या कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या. ऑक्सिजनच्या मदतीनं तो त्या कुरतडतो आणि त्यातूनच स्वतःचं शरीर घडवतो.

थंडीत प्रथिनांच्या घड्या बिघडतात. त्या नीट घालून देणारी खास मदतनीस प्रथिनं या जीवाणूकडे आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांतल्या दोन प्रथिनांची जनुकं आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलायमध्ये घातली. एरवी सात-आठ अंशांखाली वाढ थांबवणारा हा उबेचा जीव चक्क ४ अंशांखालीही वाढू लागला. अवघ्या दोन प्रथिनांनी एका जिवाला थंडी सोसायला शिकवावं, याचं मला नवल वाटत राहतं.

२०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या फलाटाची दुर्घटना झाली. अकरा माणसं गेली, तेल ८७ दिवस वाहत राहिलं. सुमारे ११०० मीटर खोल, अंधाऱ्या, ५ अंशांच्या पाण्यात तेलाचा लोट पसरला होता. तिथं जीवाणूंचा जो गट झपाट्यानं वाढला, तो ओलेइस्पिराच्याच गोतातला होता. या आखाताच्या तळातून तेल मुळातच झिरपत असतं, त्यामुळे हे खवय्ये तिथं आधीपासून थोड्या संख्येनं होतेच.

पण नुसत्या तेलावर त्यांचं भागत नाही. नायट्रोजन, फॉस्फरस आणि ऑक्सिजनही लागतो. म्हणूनच १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातलं तेल अलास्काच्या किनाऱ्यावर पसरलं, तेव्हा तिथं खत टाकलं गेलं. त्याचा उपयोगही झाला. तरी गोट्यांखाली, जिथं ऑक्सिजन पोचत नव्हता, तिथं दोन दशकांनंतरही तेल सापडत होतं. आणि तेलातले डांबरासारखे जड घटक तर या जीवाणूंनाही सहज पचत नाहीत.