तीन नंबरची शुगर

रात्री ८:०० – मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयाचा आयसीयू. सिस्टरांची बारा तासांची नाइट सुरू झाली. पगार महिना अठरा हजार. आज दोन बेड त्यांच्याकडे. तीन नंबरला न्यूमोनियाचे शेतकरी काका, व्हेंटिलेटरवर. त्यांना मधुमेह नाही. पाच नंबरला पायाच्या जखमेचं ऑपरेशन झालेल्या आजी, पंधरा वर्षांपासून मधुमेही. दोघांनाही इन्सुलिनचा पंप.

८:३० – तीन नंबरचं इन्सुलिन नव्याने भरायचं. बाटली मिलीला चाळीस युनिटची. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये चाळीस युनिटच मावतात, म्हणून दोनदा ओढायचं: आधी चाळीस, मग दहा. सलाइन घालून पन्नास मिली करायचं. एक मिली म्हणजे एक युनिट. इन्सुलिन प्लॅस्टिकला चिकटतं, म्हणून नळीतून वीस मिली सोडून द्यायचं. मग लेबल: नाव, तारीख, वेळ, सही.

९:०० – काकांची बोटं सुजलेली, गार. तिथल्या थेंबाचा आकडा फसवा येतो. सिस्टर धमनीच्या नळीतून रक्त घेतात. २३६. दाराशी मुलगा. “सिस्टर, बाबांना शुगर कधीच नव्हती हो.”

“ही आजारपणाची शुगर आहे, दादा. शरीर झुंजतंय, त्यात स्टेरॉइड चालू आहे. त्यानं वाढते.”

११:०० – शुगर तपासायला तासाला एक पट्टी, दिवसाला चोवीस. पन्नासची डबी जेमतेम दोन दिवस पुरते. मुलगा खाली मेडिकलमधून नवी आणतो. पट्टीमागे वीसेक रुपये. सिस्टर डबीचं झाकण घट्ट लावतात. दमट हवा लागली की पट्ट्या वाया जातात.

१:०० – आजी १७२. पंपाला हात लावायचा नाही. इथे हवी १४० ते १८०. आजींची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी १०.८ आली आहे. एवढ्या चढ्या शुगरची सवय असलेलं शरीर १२०लाही घाबरं होऊ शकतं. पूर्वी शुगर ११०च्या आत दाबायचा आग्रह होता. २००१ साली बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या अभ्यासातून तो आला. पुढे २००९च्या ‘नाइस-शुगर’ अभ्यासात सहा हजारांवर रुग्ण होते. १०८च्या आत ठेवायचा प्रयत्न केलेल्यांमध्ये मृत्यू जास्त निघाले. तेव्हापासून शुगर पाडायची नाही, धरून ठेवायची.

३:०० – काकांच्या नाकातल्या नळीतून बरंच फीड मागे आलं. डॉक्टरांनी फीड थांबवलं, पंप निम्म्यावर आणला.

४:०० – ९२. तासाभरात ऐंशीनं उतरली. सिस्टर आधी पंप बंद करतात, मग डॉक्टरांना हाक मारतात. भुलीत असलेल्या माणसाला शुगर उतरल्याचं सांगता येत नाही. घाम आला तरी तो तापाचा वाटतो. पट्टी हीच त्याची जीभ.

४:१५ – ६८. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजची बाटली तयारच होती. पन्नास मिली, सावकाश.

४:३० – १३१. वहीत तिन्ही आकडे, वेळेसकट.

६:०० – १८८. पंप पुन्हा, एक युनिटनं. पोटॅशियमसाठी रक्त पाठवलं. इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ढकलतं, ते उतरलं की हृदयाचे ठोके बिघडतात.

७:३० – काकांचा सरासरीचा रिपोर्ट आला: ५.६. म्हणजे आधीचा मधुमेह नाही. मुलगा विचारतो, “आता जन्मभर इन्सुलिन का?”

“नाही, आजार उतरला की बहुतेक बंद होईल. पण घरी गेल्यावर तीन महिन्यांनी उपाशीपोटी तपासून घ्या. अशांना पुढे मधुमेह व्हायचा धोका जास्त असतो.” सिस्टर फाइलवर त्या महिन्याचं नावही लिहून देतात.

८:०० – ओव्हर, म्हणजे पाळी सोपवणं. दिवसपाळीच्या सिस्टरला त्या दोनदा बजावतात: “तीन नंबरचं फीड थांबवलं, तर हात पहिला पंपाकडे.”