समुद्रपुष्पाच्या आश्रयाने

चेन्नईच्या दक्षिणेस असलेले सिरुसेरी आज माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे केंद्र म्हणून परिचित आहे. तेथून कोवळमचा वालुकामय किनारा अगदी जवळ आहे. परंतु प्रवाळभित्तींचे वैभव पाहावयाचे असेल, तर तामिळनाडूच्या दक्षिणेकडील मन्नारच्या आखातात जावे लागते. रामेश्वरम ते तुतिकोरिनदरम्यानच्या २१ बेटांच्या या सागरी परिसरास १९८६ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दिवाणखान्यातील काचपेटीत मिरवणारा क्लाउनफिश मुळात अशाच उथळ, उबदार पाण्याचा रहिवासी आहे.

भारतीय किनाऱ्यावर आढळणारी त्याची एक जात म्हणजे ‘सेबा’. काळपट अंगावर दोन शुभ्र पट्टे आणि पिवळी शेपटी, असे त्याचे रूप असते. प्रवाळांलगतच्या वाळूत वाढणारे समुद्रपुष्प हे त्याचे घर. नावाने पुष्प असले, तरी तो प्राणीच आहे. त्याच्या दंशाने लहान मासे गतप्राण होतात. क्लाउनफिशला मात्र अंगावरील विशिष्ट श्लेष्म्यामुळे इजा होत नाही. शत्रूपासून संरक्षणाच्या मोबदल्यात हा मासा समुद्रपुष्प खाणाऱ्या माशांना पिटाळतो आणि त्याच्या उत्सर्गातून समुद्रपुष्पास पोषणही मिळते.

या कुटुंबाची रचनाही विलक्षण आहे. सर्वांत मोठा मासा मादी, तर त्याखालोखाल आकाराचा नर असतो. मादी मरण पावल्यास नराचेच मादीत रूपांतर होते. समुद्रपुष्पालगतच्या खडकावर घातलेल्या अंड्यांची निगा प्रामुख्याने नर राखतो.

समुद्राचे तापमान दीर्घकाळ वाढले, की प्रवाळांच्या आणि समुद्रपुष्पांच्या शरीरातील सूक्ष्म शैवाल नाहीसे होऊन ते पांढरे पडतात. मन्नारच्या आखाताने २०१० व २०१६ मध्ये अशी तीव्र विरंजने अनुभवली. आश्रयच गेला, की हा मासा उघड्या समुद्रात फार काळ तग धरू शकत नाही.

सुदैवाने क्लाउनफिशची पैदास आता बंदिस्त टाक्यांत करता येते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र विकसित केले आहे. मासा खरेदी करताना तो पैदास केंद्रातील आहे की समुद्रातून पकडलेला, याची चौकशी आपण अवश्य करावी. काचपेटीच्या सजावटीसाठी प्रवाळाचे तुकडे मात्र घेऊ नयेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळांना संरक्षण आहे. आपल्या घरातील शोभेसाठी त्या माशाचे घर उजाड होऊ नये, एवढी दक्षता प्रत्येकास घेता येईल.